बाबूजींची हजेरी

"म्या पाह्यलं तेच सांगतो," असं म्हणायचं, छत्रीचं टोक मातीत रोवायचं आणि समोरच्याची बोलती बंद करायची, ही बाबूजींची पद्धत. छत्री बारा महिने हातात असे. ती उघडलेली मात्र मी क्वचितच पाहिली. उन्हाला ते भीत नव्हते आणि पावसात सामना चालू असेल तर छत्रीमुळे मागच्यांना दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

वर्धा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात त्यांची सगळी नोकरी झाली, म्हणून ते सगळ्यांचे बाबूजी. नालवाडीत माझ्या घरापासून दोन घरं सोडून राहत. मी कचेरीत कारकून. रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं पायी शाळेमागच्या मैदानावर जायचो. तिथे गावातली पोरं फुटबॉल खेळत. काही दुकानदारांची, काही मास्तरांची, दोघंतिघं माझ्यासारखी कचेरीतली. बाबूजी त्या संघाचे कोणी नव्हते. त्यांनी कधी वर्गणी दिली नाही, कधी चेंडूला पाय लावला नाही. पण डाव्या बाजूच्या रेषेजवळ त्यांची पत्र्याची पेटी ठेवलेली असे आणि तिच्यावर ते बसले, की शिट्टी पंचाच्या तोंडात असली तरी सामना बाबूजींच्या ताब्यात जाई.

असा एखादा माणूस तुमच्याही गावच्या मैदानावर असेल. त्याचा राग येतो आणि तो आला नाही तर करमतही नाही.

मतं त्यांची ठाम असत. उंच फटका मारणारा माणूस त्यांच्या मते आळशी. "चेंडू आभायात धाडला की तेवढा वेळ याले उभं राहाले भेटते." बूट घालून खेळायची फॅशन तेव्हा नुकतीच येत होती. बाबूजींना ती मुळीच पसंत नव्हती. "बूट घातला की पायाले ऐकू येत नाई," म्हणायचे. कामठीच्या संघाचा खेळ त्यांना आवडे, पण तसं बोलून दाखवायचे नाहीत. कामठीवाले जिंकले की "आज त्यायचं नशीब बरं होतं" एवढंच.

आणि सगळ्यात मोठा राग अमेरिकेवर. लढाईच्या दिवसांत गोऱ्या शिपायांच्या गाड्या वर्ध्याला थांबत. त्यातल्या एका अमेरिकन शिपायानं संत्र्यांच्या बदल्यात बाबूजींना एक चित्रांचं मासिक दिलं होतं. त्यात त्यांच्या देशातल्या फुटबॉलचे फोटो होते. डोक्यावर शिरस्त्राणं, खांद्यात गाद्या भरलेल्या, आणि चेंडू पपईसारखा लांबट. बाबूजींनी ते मासिक जपून ठेवलं होतं, ते फक्त शिव्या द्यायला. कोणी पाहुणा आला की ते बाहेर निघे.

"हे पाहा. फुटबॉल म्हणतात याले. पाय कोठी हाय याच्यात? लेकाचे चेंडू काखेत मारतात अन् पळतात, बाजारातून भोपळा चोरल्यावानी. अन् बाकीचे याले धरून मारून राह्यले. हा खेळ व्हय का दरोडा?"

मैदानात कोणाचा हात चेंडूला लागला, की पंचाच्या शिट्टीआधी बाबूजींची आरोळी येई, "अमेरिकन!" त्यांच्या तोंडी याहून वाईट शिवी नव्हती. आमच्या गोलकीपरनं एकदा त्यांना विनवलं, "बाबूजी, मले तं हातानं खेळाची परवानगी हाय ना." बाबूजींनी विचार करून सांगितलं, "तू अर्धा अमेरिकन."

सामना संपला की हजेरी. पोरांनीच तिला हे नाव दिलं होतं. सगळे घामाघूम होऊन पेटीसमोर मातीत बसायचे, गूळ-फुटाण्यांचा पुडा फिरायचा आणि बाबूजी एकेकाला नाव घेऊन झोडपायचे. कोणी कुठे चुकला, कोणाला मोकळी जागा दिसली नाही, कोणी दमल्याचं सोंग केलं, सगळं. जिंकलेल्या दिवशीही सुटका नसे. पण मी पाहिलंय, ज्याचं नाव त्या दिवशी घ्यायचं राहून जाई, तो पोरगा जागचा हलत नसे. "बाबूजी, माहं?" असं विचारून, शिव्या खाऊनच घरी जाई.

मधू हा त्यांचा लाडका. लेफ्ट आऊट. म्हणजे डाव्या रेषेवरून, अगदी बाबूजींच्या पेटीला घासून पळणारा. अनवाणी खेळायचा. सगळ्यात जास्त शिव्या त्याच्याच वाट्याला येत, यावरून काय ते समजा. बाबूजींना मूलबाळ नव्हतं. हे मी मधूशी जोडून सांगतो आहे ते माझं मत म्हणून, बाबूजी असलं काही बोलले नाहीत.

त्यांचे डोळे जात चाललेत हे मला आधी कळलं. एकदा मैदानावरून येताना वाटेत उभ्या बैलबंडीवर ते सरळ जाऊन आदळले आणि बंडीवाल्यालाच ओरडले, "रस्त्यात काऊन उभी केली बे?" बंडी रस्त्याच्या पार कडेला होती. पुढे नागपूरच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो. काचबिंदू निघाला. गेली ती नजर परत येणार नाही, राहिलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाला. परतीच्या गाडीत बाबूजी खिडकीशी बसून राहिले. सेलू स्टेशन गेल्यावर म्हणाले, "पोराइले सांगू नको."

मी नाही सांगितलं. पण पोरं काय खुळी होती? उजव्या बाजूला झालेला गोल बाबूजींना लोकांच्या ओरड्यावरून कळतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग आपोआप एक रीत पडली. चेंडू घेऊन पळताना पोरं आपलं नाव ओरडू लागली. "गंगाधर आला, बाबूजी!" परगावचे संघ हसायचे. आमचा कप्तान गंगाधर त्यांना सांगायचा, आमच्या इथे असंच खेळतात. बाबूजीही काही बोलले नाहीत. त्यांना ते कळत असणार, पण सामना चालू राहत होता.

त्या दिवाळीनंतर मधूला भिलाईला नोकरी लागली. तिकडे नवा कारखाना उभा राहत होता, माणसं हवी होती. बाबूजींना सांगायचं धाडस त्याला होईना. "गंगाधर, तू सांगजो," म्हणून तो गाडीत बसला. गंगाधरनं आज सांगतो, उद्या सांगतो केलं आणि रविवार उजाडला.

मधूच्या जागी आंजी गावचा एक नवा पोरगा घेतला होता. सुखदेव. शिकायला वर्ध्यात येऊन राहिला होता, बोलायला अगदी कमी. खेळ सुरू झाला, तो डाव्या रेषेवरून निघाला आणि पेटीवरून हाक आली, "मध्या, लाईन सोडू नको!" सुखदेव गोंधळून थांबला. मैदानाच्या मध्यातून गंगाधरनं त्याला हात जोडले. खरंच हात जोडले, मी पाहिलं. सुखदेव ओरडला, "हो, बाबूजी!"

एवढंच घडलं. पण त्या दिवसापासून तो मधू झाला. तो चेंडू घेऊन निघाला की "मधू आला, बाबूजी!" असं गंगाधरच ओरडे. हजेरीत मान खाली घालून बसायचा, "हो, बाबूजी" एवढंच म्हणायचा. सगळ्या गावाला माहीत होतं. पानठेल्यावरच्या माणसालाही माहीत होतं. कोणी कोणाला बजावलं नव्हतं, तरी कोणी फोडलं नाही. आम्हाला वाटे, आपण किती चांगली माणसं आहोत.

सुखदेव वाईट खेळत नव्हता, पण तो मधू नव्हता. मधू बाहेरून वळायचा, हा आत शिरायचा. बाबूजींना पावलांच्या आवाजावरून तेवढं कळे आणि ते बेचैन होत. "मध्या, तुह्या पायाले काय झालं बे? घरी काई बिघडलं का?" एका रविवारी बाबूजींनी काकूंकडून, म्हणजे आपल्या बायकोकडून, तिळाचं तेल तापवून, औषधं घालून बाटली भरून आणली. "रोज झोपाच्या आंधी चोळजो. गुडघा धरला असन." सुखदेवनं बाटली दोन्ही हातांनी घेतली. पुढच्या वेळी बाबूजींनी विचारलं, "आराम हाय?" तो म्हणाला, "हो, बाबूजी." दोन-तीन सामने हरल्यावर मधूला बसवा असं कोणीतरी बोललं, तर बाबूजींनी छत्री उगारली.

होळीला मधू सुट्टीवर आला. नवी पँट, नवे बूट, पेढ्यांचा पुडा. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आला तो थेट मैदानावर. सामना रंगात होता, सुखदेव चेंडू घेऊन रेषेवरून निघाला होता, आणि बाबूजी अर्धे उठून ओरडत होते, "मध्या, मार! मार बे मध्या!" तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या पायाला हात लावला.

"बाबूजी, मी मधू. भिलाईहून आलो."

मी शेजारीच होतो, पण मला काही करता आलं नाही. बाबूजी वाकले. त्यांनी त्याचा चेहरा चाचपला, मग खांदे, मग नव्या सदऱ्याची कॉलर. 

"कवा गेलता?"

"दिवाळी झाल्यावर. गंगाधरनं सांगतलं असन ना तुमाले?"

बाबूजी पेटीवर बसले. मैदानात गोल झाला, लोक ओरडले. कोणाचा झाला हे त्यांनी विचारलं नाही.

हजेरीला पोरं आली ती भीतभीतच. फुटाण्यांचा पुडा कोणी उघडला नाही. बाबूजींनी छत्रीचं टोक मातीत रोवलं. मग म्हणाले, "आपापलं नाव सांगा." एकेकानं सांगितलं. लहान पोरांसारखे सांगत होते. सुखदेवची पाळी आली तेव्हा तो अडखळला.

"सुखदेव."

"कोणतं गाव?"

"आंजी. मोठी आंजी."

"सुखदेवा, इतक्या दिवसांत म्या तुले एक शिवी तुह्या नावानं देल्ली नाई रे." बाबूजी म्हणाले. "तुहा खेळ म्या पाह्यलाच नाई. जो इथं नव्हता त्याचाच पाहून राह्यलो."

गंगाधर रडायलाच लागला. "बाबूजी, तुमाले वाईट वाटू नये म्हणून केलं जी."

"मले समजते ते," बाबूजी म्हणाले आणि उठले. त्या दिवशी वाटेत मी त्यांचा हात धरला. त्याआधी त्यांनी तो कधी धरू दिला नव्हता.

मैदानावर ते पुन्हा आले नाहीत. पेटी काही रविवार तिथे नेऊन ठेवत होतो, मग नेणं सोडलं. ऊन वाढलं तसा त्यांना खोकल्यानं धरलं, ताप येऊ लागला. कचेरीतून येताना मी डोकावत असे. ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. काकू म्हणायच्या, "जेवतच नाईत भाऊजी. तुम्ही तरी सांगा काई."

मोसमाचा शेवटून दुसरा सामना पुलगावशी झाला. आम्ही मार खाल्ला. गंगाधर आणि मी तिथूनच त्यांच्याकडे गेलो. आता खोटं काही बोलायचं नाही, असं वाटेत ठरवलं होतं.

"हारलो, बाबूजी," गंगाधर म्हणाला. "चार गोल बसले."

त्यांनी कूस बदलली. चेहरा उतरला होता, दाढी वाढली होती. गोल कसे झाले ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "आंजीचा पोरगा कसा खेळला?"

"बरा खेळला," मी म्हणालो.

"बरा म्हणजे?"

बाबूजी कोपरावर टेकून उठले.

"आतून जात होता का बाहेरून? चेंडू भेटला की मान वर करते का खालीच ठेवते? उजव्या पायानं मारते का कधी?"

आम्हाला काही सांगता येईना. गंगाधर त्याच्यासोबत खेळत होता, मी रेषेवर उभा होतो. पण सुखदेवकडे आम्ही कधी नीट पाहिलंच नव्हतं. तो आम्हाला मधूच्या जागी उभा राहायला हवा होता, तेवढाच. इतकी वर्षं सामना पाहायचं काम बाबूजींचं, आम्ही त्यांच्याकडून ऐकून घ्यायचो.

बाबूजींना खोकल्याची उबळ आली, काकूंनी पाणी दिलं. घोट घेऊन ते म्हणाले, "म्या नाई पाह्यलं, तं मी आंधळा होतो. तुमाले तं दिसत होतं ना रे?" आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

पुढच्या रविवारी मोसमातला शेवटचा सामना. मी लवकर गेलो, बाबूजींची पेटी जिथे असायची त्या जागी उभा राहिलो आणि सबंध सामना एकट्या सुखदेवला पाहिलं. चेंडू येण्याआधी तो एकदा मागे वळून बघतो. डाव्या पायानं अडवतो आणि उजव्यानं देतो. कोणी पाडलं तर लगेच उठतो, पंचाकडे बघतही नाही. चेंडू गमावला तर स्वतःशी काहीतरी पुटपुटतो. दमला की हात कमरेवर नाही, मानेवर ठेवतो. जिंकलो की हरलो ते मला धड आठवत नाही. सुखदेवला म्हटलं, चल माझ्यासोबत, तुझ्याबद्दल बाबूजींना सांगायचं आहे. तो लाजला, पण सायकल हातात धरून निघाला.

वाटेत मी सगळं मनात जुळवत होतो. कशापासून सुरू करायचं, ते काय विचारतील, मी काय सांगेन. नालवाडीच्या वळणावर आलो, तर बाबूजींच्या दारात माणसं उभी होती आणि दोघंजण बंडीवरून हिरवे बांबू उतरवत होते.