आपलाच आहे, येऊ दे

पोरींनो, जरा जवळ या. लॅपटॉपवर पाटी येते, ‘हा प्रोग्राम ओळखीचा नाही, परवानगी द्यायची का?’ आणि तुम्ही न वाचता ‘हो’ दाबून मोकळ्या. वाचायला काय होतं गं तुम्हाला? माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांतलं एक प्रकरण इथं लिहून सांगते, कुणाचं नाव न घेता. निवृत्त झाले तरी ते आठवलं की हातातला चहा गार होतो.

मी पोलिसात शिपाई म्हणून भरती झालेली. संगणक ठाण्यातच शिकले, याला त्याला विचारत. म्हणून असल्या तक्रारी माझ्याच टेबलावर यायच्या.

एका दुपारी तिशीतली एक बाई आली. नवऱ्यानं मनगट मोडलं म्हणून घर सोडलेलं. आधी पंचवटीत खोली घेतली, तर हा दारात उभा. मग सिन्नरला कारखान्याच्या ऑफिसात लागली, तर तिथल्या एसटी स्टँडवर हजर.

“पत्ता मी माहेरीसुद्धा सांगितला नाही, मॅडम. फोन बदलला, सिम बदललं.”

“आणि लॅपटॉप?”

“तो जुनाच. पण त्यात सुरक्षेचं सॉफ्टवेअर आहे. आधी सारखं काहीतरी विचारायचं, आता गप्प असतं.”

इथं मी थबकले. सोसायटीचा वॉचमन परक्या माणसाला फाटकात अडवतो. पण घरातल्या कुणी गॅलरीतून ‘आपलाच आहे, येऊ दे’ म्हटलं, की पुढे त्या माणसाला कधी अडवत नाही.

“पाटी आली की तू विचारतेस कुणाला?”

“भावाला. नांदगावला असतो. दिवाळीत गेले तेव्हा लॅपटॉप त्यानंच बघून दिला.”

पंचनामा करून लॅपटॉप ताब्यात घेतला. आमच्या तपासणाऱ्यांनी आतून एक प्रोग्राम काढला. लॅपटॉप कुठे आहे, त्यावर काय लिहिलं जातंय, सगळं नवऱ्याकडे जात होतं. आणि त्या प्रोग्रामला दिवाळीतच कायमची परवानगी दिलेली होती.

भावाला बोलावलं. बहिणीसाठी आईनं दिलेला डबा घेऊनच आला बिचारा. चौकशीत मी आधी पाणी द्यायची. मनात काही असलेला माणूस पाणी संपवतो आणि ग्लास खाली ठेवत नाही. त्यानं ठेवला नाही.

“अनोळखी प्रोग्रामला परवानगी का दिलीस?”

“म्याडम, दाजी रडले हो माझ्यापुढं. म्हणले, सुखरूप हाय का एवढंच बघतो. दाजी काय परके हायेत?”

“तिचं मनगट पाहिलं होतंस?”

“प्लास्टर घालाया मीच नेलं व्हतं.”

“आणि तरी?”

“घर मोडू नये म्हणून केलं. आई बी तेच म्हणली.”

बहीण पलीकडच्या खोलीत होती. दार उघडंच होतं.

जबाब लिहायला घेतला तेव्हा ती म्हणाली, “नवऱ्याचं नाव घाला. भावाचं नको.”

“प्रोग्राम आत कसा आला ते लिहावंच लागेल, बाई. कोर्टात पहिला प्रश्न तोच.”

तिनं पेन बाजूला सारलं. “माहेरात मला तो एकच उरला होता, मॅडम. आता पाटी आली तर विचारू कुणाला?”

मी जबाब पुरा करून तिच्यापुढे ठेवला. सही न करताच ती उठली. मारहाणीची तक्रारही पुढे नेली नाही. डबा बाकावर तसाच राहिला. लॅपटॉप न्यायला ती कधी आली नाही, आणि फोन लावला तर बंद. भाऊ मात्र बरेच महिने ठाण्यात येत राहिला. “सुखरूप हाय का, एवढंच सांगा म्याडम.” मला ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी सांगितलं नसतं.

काय शिकले म्हणाल, तर मनाला धीर देईल असं काही नाही. सॉफ्टवेअरनं आपलं काम केलं होतं, त्यानं विचारलं होतं. मीही नोकरीभर लेकीबाळींना सांगत आले, अनोळखी माणसाला दार उघडू नका. आणि माझ्यासमोर बसून रडलेल्या बहुतेकींच्या घरात जे शिरलं, ते ओळखीच्या माणसाचा हात धरून शिरलं. मग विचारायचं कुणाला? याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आणि बाई, तू कुठे हे वाचत असशील, तर पत्ता कळवू नकोस, फोनही नको. पंचवटीत भाजीबाजाराजवळ पोलीसबाईंचं घर म्हटलं की दाखवतात. लवकर ये. कुठून आलीस ते मी विचारणार नाही.