‘त्रास नाही’ असं मी लिहिलं

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जात असे. जन्मभर औषधं मोजली. मोजता येत नाही ते कधी मानलं नाही. पण गेल्या महिन्यात माझी थोरली बहीण, अक्का, वारली, आणि आता गप्प राहायला काही कारण उरलं नाही...

विसावं शतक नुकतं लागलं होतं. मी माळव्यात, धारकडे एका फिरत्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. अमझेऱ्याच्या आसपास हिवतापाची साथ होती, आणि आमच्या डॉक्टरसाहेबांनी कोयनेलचं, म्हणजे क्विनाइनचं, नवं, कडक मिश्रण सुरू केलं होतं. आठ दिवसांनी घरोघर जाऊन रोग्यांना चार प्रश्न विचारायचे — ताप उतरला का, ओकारी होते का, कानात आवाज येतो का, नीट दिसतं का — आणि वहीत लिहायचं, हे माझं काम. कोयनेल जास्त झालं की आधी कान वाजतात, मग दृष्टी जाते. "बाटली पोचवून आलास तर तू टपालवाला," साहेब म्हणत, "विचारून आलास तर कंपाउंडर!"

पण बायका पडद्यात. ओट्यावर बसून घरचा पुरुष सांगेल तेच रोगी बाईचं उत्तर म्हणून मी लिहीत असे. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे — मलाही नाही.

एका दुपारी एका गावच्या पटेलाच्या, म्हणजे तिकडच्या पाटलाच्या, ओट्यावर बसलो होतो. रोगी त्याची सून. मी चारही प्रश्न विचारले.

"सब ठीक है, भिया. मजे में है," म्हातारा पटेल म्हणाला.

तेवढ्यात दाराच्या पडद्यामागून बाईचा आवाज आला. थकलेला, पण स्वच्छ, तिथल्या मालवी बोलीत. "कान में घंटी बाजे. म्हारे कंई नी दीखे."

"बहू कह रही है, कुछ दिखता नहीं," मी म्हणालो.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "कोई नी बोल्यो. लिखो ने भिया, ठीक है."

मी लिहिलं — ताप उतरला. त्रास नाही.

गावाबाहेर विहिरीवर पाणी प्यायला थांबलो. ओंजळीत पाणी ओतणारी कुंभारीण म्हणाली, "पटेल की बहू? वा तो तीन दन पेलां मरी गी! तम प्लेग लिखी दोगा, घर खाली करई दोगा, इणी डर से नी बताई." तीन दिवसांपूर्वीच गेलेल्या त्या सुनेला मरायच्या आधी दोन दिवस दिसेनासं झालं होतं, हेही कुंभारणीनेच सांगितलं.

नोंद बदलायला हवी होती. पण साहेबांनी विचारलं असतं, "मग तू रोग्याला पाहिलंस तरी का?" — आणि वहीतल्या साऱ्या बायकांची उत्तरं उघडी पडली असती. तापानेच गेली असेल, असं मी मनाला सांगितलं आणि वही देऊन टाकली. साहेब खूश. तेच मिश्रण सगळीकडे सुरू झालं. त्याच आठवड्यात देवासहून निरोप आला की अक्काचा ताप हटत नाही. त्याच मिश्रणाची बाटली मी स्वतः नेली...

औषध सुरू झाल्याच्या सहाव्या दिवशी सकाळी मी तिच्या खाटेशी बसलो होतो. ती एकदम उठून बसली आणि माझ्या खांद्यापलीकडे पाहत म्हणाली, "कान में घंटी बाजे. म्हारे कंई नी दीखे."

तोच आवाज. अक्का घरात कधी मालवी बोलत नसे. पुढे एकदा विचारलं तर चिडली. "मी कशाला तसं बोलू? भलतंच काहीतरी तुझं, नाना!"

तिची दृष्टी परत आली नाही. त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं ती चाचपडत मला ताट वाढायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "नानाने वेळेवर औषध आणलं म्हणून वाचले हो." मी खाली मान घालून जेवत असे.

पडद्यामागे कोण बोललं, आणि तेच शब्द अक्काच्या तोंडी कसे आले, हे मला आजही सांगता येत नाही. ती वही केव्हाच रद्दीत गेली. तिच्यात जे लिहायला हवं होतं, ते इथे लिहितो —

पटेलांची सून. कानात घंटा. दिसत नाही. उत्तर रोग्याने स्वतः दिलं.