ताई, बेस वाढवा!

गाणं मिक्स झालं की गिऱ्हाईक फाईल घेऊन जातं आणि किस्सा आमच्याकडं सोडून जातं. जुन्या फाईली उडवता येतात, किस्से कुठं उडवणार? बारामतीत कोंबडीखाद्याच्या एका दुकानावर माझा आणि माझ्या मामेभावाचा, पशाचा, छोटा स्टुडिओ आहे. पशा बीट बनवतो. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग माझ्याकडं. जिना चढून आलेला प्रत्येक जण आधी मलाच विचारतो, "साऊंडवाले कुठं गेले?" मी म्हणते, "बसा, येतीलच!" आणि हेडफोन कानाला लावते. त्यानंतरचा चेहरा बघण्यासारखा असतो!

*

रॅपमध्ये एक युक्ती असते. तीच ओळ दोनदा म्हणून घ्यायची आणि दोन्ही टेक एकावर एक ठेवायचे. आवाज भरदार होतो. इंदापूरचा एक पैलवान गडी रॅप करायला आला होता. पहिलाच टेक झकास! मी म्हटलं, "आता हेच परत एकदा म्हणा."

"का? चुकलं काय?"

"छे हो, मस्त झालं."

"मग परत कशापायी?" गड्यानं माईकसमोर छाती काढली. "ताई, आमच्या गावात आपण एकदाच सांगतो. दुसऱ्यांदा सांगायची पाळी अजून कुणी आणली न्हाय!"

पशा मान वर न करता म्हणाला, "पैलवान, माईक बाहेरगावचा हाय. त्याला तुमी कोण, ठावं न्हाय."

पैलवानानं माईककडं एकदा रोखून बघितलं आणि दुसरा टेक असा दिला, की पहिला फिका पडला!

*

डाळजचे तात्या लेकीच्या हळदीसाठी गाणं करून घ्यायला आले. नाचायला होईल असं, एकदम नव्या फॅशनचं. मी काम करत होते आणि तात्या खुर्ची ओढून स्क्रीनवरचा नाचणारा काटा बघत होते.

"हे काय हाय म्हणायचं?"

"याला कंप्रेसर म्हणतात, तात्या. जो लई ओरडतो त्याला हा दाबतो. मग सगळ्यांचा आवाज मिळून वर उचलता येतो. कुणी हळू बोललं तरी ऐकू येतं."

तात्या पुन्हा काट्याकडं बघायला लागले. मला वाटलं, डोक्यावरून गेलं. मग तात्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढून हळूच विचारलं, "आमच्या ग्रामसभेत बसवून मिळंल का?"

*

सोमेश्वरनगरचा संजूभाऊ कारखान्यावर ऊस ओढतो. त्याला स्वतःच्या ट्रॅक्टरवर वाजवायला गाणं हवं होतं. त्या ट्रॅक्टरवर चालकापेक्षा स्पीकरना जास्त जागा! मी मिक्स ऐकवलं. हेडफोन काढून म्हणाला, "ह्यात काय कळतंय? ताई, बेस वाढवा."

वाढवला. पेन ड्राइव्ह घेऊन खाली गेला, दुकानासमोर लावलेल्या ट्रॅक्टरवर वाजवून परत वर आला. "वाढवा."

मी सांगून बघितलं, की बेस इतका चढवला तर शब्द बुडतील. "बुडू द्या की! शब्द मला पाठ हायत."

तिसऱ्या वेळी आम्हीही खाली गेलो. गाणं सुरू झालं आणि दुकानाचं शटर थरथरायला लागलं. मग आतली फळी. फळीवरच्या पोत्यांमधून भुकटी उडाली ती थेट गल्ल्यावर बसलेल्या शेठच्या अंगावर. शेठ बाहेर आले तेव्हा डोक्यापासून मिशीपर्यंत पांढरेफटक, नुसते डोळे तेवढे काळे!

संजूभाऊनं शेठला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "हां! आता बरोबर झालंय."

*

पशा बीट झकास बनवतो, पण आळशी. दोन रॅपर पोरांचं मध्यंतरी जोरात वाजलं होतं. एक भिगवणचा, एक बारामतीचा. एकमेकांना शिव्या घालणारी गाणी काढायची दोघांनी! आणि दोघंही आमच्याचकडं चोरून रेकॉर्ड करायचे. भिगवणचा म्हणायचा, "त्याच्या गाण्याचा ढोल माझ्याहून जड लागतोय, ताई." बारामतीचा म्हणायचा, "त्याचा आवाज असा समोर कसा येतो?" मी दोघांनाही "बघते" म्हणायचे.

एके दिवशी दोघं एकाच वेळी जिना चढून वर! म्हटलं, आता माईक मोडणार. पण दोघांनी आपापला मोबाईल टेबलावर ठेवला आणि दोन्ही गाणी एकदम लावली. बीट तोच! पशानं फक्त एकाचा सूर थोडा वर नेऊन दुसऱ्याला खपवला होता.

"हे काय हाय?" दोघं एका सुरात.

पशा शांतपणे म्हणाला, "बघा की! महाराष्ट्रात कुणाचं भांडण इतकं तालात चाललंय?"

आधी बारामतीचा हसला. मग भिगवणच्याला हसू आवरेना. पशाला मात्र मी दोन नवे बीट करायलाच लावले.

*

आणि वरकुट्याचा अक्षय. पोरगं खरंच गुणी. इंदापुरात रॅपची स्पर्धा होणार होती आणि तो आला त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत गाणं पाठवायचं होतं. दोन वर्षं घरात सगळ्यांची बोलणी खाऊन तो हिथवर आला होता. बरोबर आई आली होती, कारण बारामतीत तिला दवाखान्याचं काम होतं. ती माझ्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली. अक्षय काचेपलीकडं, माईकसमोर.

बीट सुरू झाला. अक्षय पेटला. "झोपलो उपाशी, कुणी पुसलं न्हाय..."

आई एकदम ताठ झाली. काचेपलीकडं बोलायचं एक बटण माझ्यासमोर असतं. मी दाबताना तिनं बघितलं होतं. तिनं ते दाबलं.

"अक्षा! कवा झोपलास रं उपाशी?"

अक्षय दचकला. "आई, गाण्यात तसं म्हणावं लागतं."

"रातीला चार भाकरी कोण खातं? भाजी निवली म्हणून परत कोण गरम करून देतं? आन् कुणी पुसलं न्हाय? आं? कुणी पुसलं न्हाय?"

पशा टेबलाखाली तोंड घालून हसत होता. मला मात्र हसता येईना, कारण तिचा आवाज शेवटी जरा कापला होता. काचेपलीकडं अक्षयनं कानावरचा हेडफोन गळ्यात ओढला. मग म्हणाला, "ताई, ही ओळ बदलतो." हेडफोन गळ्यात तसाच ठेवून त्यानं भाकरीवर, चुलीवर, आईच्या ओरडण्यावर नव्या ओळी रचल्या आणि हेडफोन परत कानाला लावून एका दमात म्हणून टाकल्या. इतकं चांगलं त्यानं आधी कधीच म्हटलं नव्हतं.

रेकॉर्डिंग थांबवायचं मी विसरले होते. बटणाच्या माईकवरून आईचं सगळं बोलणं त्यात आलं होतं, बीटवर अगदी चपखल. अक्षय म्हणाला, "राहू द्या, ताई. तिच्यापासूनच गाणं सुरू करा." घाईघाईनं मिक्स केलं आणि पावणेसहाला मोठ्या स्पीकरवर लावलं. आई मान एका बाजूला झुकवून शेवटपर्यंत ऐकत राहिली. अक्षयनं जीव मुठीत धरून विचारलं, "कसं झालंय?"

आई माझ्याकडं वळली. "चांगलं हाय. पण ह्याचा आवाज जरा बारीक करा. मी काय बोलते, ते नीट ऐकू येत न्हाय!"