हनुवटीवरची धूळ

गफ्सा शहरातल्या फॉस्फेट कंपनीत तिजानीनं तीस वर्षं ट्रकांची वजनं लिहिली आणि निवृत्त झाल्यावर, भाच्यानं दिलेल्या स्कॅनरच्या जोरावर, तो गल्लीचा फोटोतज्ज्ञ झाला. माहितीपुस्तिकेची चार पानं वाचली की तज्ज्ञ होता येतं असं त्याला वाटे. पाचवं पान त्यानं उघडलंच नव्हतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस बघायचा असेल तर मला बघा, असं आता तोच पुदिन्याचा चहा ओतता ओतता सांगतो.

शेजारची म्बारका म्हातारी आईचा फोटो घेऊन आली. जुन्या ओळखपत्रावरून सोडवलेला, अंगठ्याएवढा. आईचा एवढा एकच.

"डोळे चाललेत माझे. डॉक्टर म्हणतो, औषध नाही. दिसतंय तोवर आई एकदा मोठी बघू दे."

"मावशी, अशी काढतो की तुझ्यापेक्षा तरुण दिसेल."

त्यानं नेहमीप्रमाणे पडद्यावरची धूळ आणि ओरखडे घालवायची पट्टी शेवटच्या टोकाला सरकवली, उजेड वाढवला आणि बशीएवढा चेहरा छापून तिच्या हातात दिला. म्हातारीनं तो खिडकीशी धरला, नाकाजवळ नेला.

"ही कोण?"

"तुझी आई."

"माझ्या आईच्या हनुवटीवर गोंदण होतं."

तिजानी समजुतीनं हसला. "मशीन बारीक काळे डाग पुसतं, मावशी. धूळ समजून."

"मशीनला आई नसते. तुला होती ना?" तिनं भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. "तिचीही हनुवटी धुतलीस की काय?"

तिजानी जवळ गेला. तीन वर्षं तो रोज सकाळी त्या चौकटीला सलाम करत होता. आईची हनुवटी लहान मुलीसारखी कोरी होती.

त्याला लाज वाटली, फार लाज वाटली. म्बारकाचा फोटो पुन्हा स्कॅनरमध्ये ठेवून त्यानं ती पट्टी पूर्ण बंद केली, बारकावा तिपटीनं वाढवला, उजेड उतरवला. काचेखालून सावकाश स्कॅनरचा दिवा सरकला आणि पडद्यावर म्बारकाची आई आली. हनुवटीवर खजुराच्या फांदीसारखं गोंदण, गालावर ओळखपत्राच्या शिक्क्याची कड. म्हातारी बराच वेळ बघत राहिली.

"आता तुझ्या आईचा घाल," ती डोळे पुसत म्हणाली.

"मूळ फोटो नाही." तिजानीचा आवाज खाली आला. "नुसते ओरखडे होते त्यावर. स्वच्छ प्रत निघाली म्हणून टाकून दिला."

"आणि गोंदण कसं होतं?"

त्यानं खूप आठवून बघितलं. ट्रकांचे नंबर आठवले.

म्बारकानं त्याची हनुवटी धरून वर केली. "दाढी तरी करत जा रे. वीस वर्षं तुझ्या आईसमोर बसून लोकर पिंजली मी. नीट ध्यान दे. इथं एक उभी रेघ. बाजूला दोन टिंबं. खाली एक आडवी, जराशी वाकडी."

तिचं बोट थांबलं तरी तिजानीनं मान खाली केली नाही.

"पुन्हा एकदा काढ, मावशी," तो म्हणाला.