डबल बोर्डवरचा कोंबडा

पॉटमध्ये चाळीस चिंचोके होते आणि एक कोंबडा. कोंबड्याचे पाय बांधलेले, तोंड मात्र मोकळं. सगळी पडवी माझ्याकडे बघत होती, कारण वाटणी मला करायची होती.

मी गोव्यातल्या एका कसिनोत अठरा वर्षं पोकर डीलर आहे. पत्ते वाटायचे आणि पॉट, म्हणजे मध्ये लावलेलं सगळं, जिंकणाऱ्याकडे सरकवायचं, हे माझं काम. गणपतीच्या सुट्टीत पोलादपूरच्या वर आमच्या वाडीत आलो होतो. परत गेल्यावर डबल बोर्डची टेस्ट होती. म्हणून सरावासाठी माझे चुलते तात्या आणि मुंबईहून आलेला शेजारचा गोपाळ, दोघांना चिप्सऐवजी चिंचोके देऊन बसवलं.

डबल बोर्ड सोपा आहे. हातात दोन पत्ते. मध्ये सगळ्यांसाठी पाच पत्त्यांच्या दोन ओळी. वरची ओळ जिंकेल त्याला अर्धा पॉट, खालची जिंकेल त्याला अर्धा. एखाद्या ओळीत बरोबरी झाली तर त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग.

तात्यांचे चिंचोके संपले. गोपाळने आणखी दहा लावले. तात्या तडक उठले, परसातून कोंबडा आणला आणि त्या दहांच्या बदल्यात मध्ये ठेवला.

"कॉल!"

हा कोंबडा काकूंनी विसर्जनानंतर येणाऱ्या जावयासाठी राखलेला. शिवाय नियम असा, की डाव सुरू होताना समोर असेल तेवढंच लावायचं. मी तिथंच हात आडवा घालायला हवा होता. पण चुलत्याला कोण अडवणार? कोंबडा पॉटमध्ये घेतला आणि माती खाल्ली.

पत्ते उघडले. वरच्या ओळीत गोपाळच्या तीन राण्या झाल्या, तात्यांच्या नुसत्या दोन जोड्या. खाली दोघांकडेही नव्वी, दोघांचा सारखाच सिक्वेन्स. म्हणजे वरचे वीस गोपाळचे, खालचे दहा-दहा. चिंचोके झटक्यात वाटले. कोंबडा उरला.

"पाव हिस्सा माझा हाय," तात्या म्हणाले. "तंगडी सोडनार नाय मी!"

"घ्या की, तात्या. बाकीचा मी मुंबईला नेतो," गोपाळ म्हणाला.

तात्यांनी घाबरून स्वयंपाकघराकडे पाहिलं. जावयापुढे एक तंगडी ठेवायची आणि काकूंना काय सांगायचं?

शेवटी मी आमच्या फ्लोअर मॅनेजरना फोन लावला. टेबलावरच्या भांडणात त्यांचा शब्द शेवटचा.

"सर, पॉट स्प्लिट झाला. एक ऑड चिप उरलीय." ऑड चिप म्हणजे जिचे भाग पडत नाहीत ती.

"अठरा वर्षांत एवढंही येत नाही? वरच्या बोर्डला द्यायची. केवढ्याची आहे?"

"असेल दोनेक किलोची."

तेवढ्यात चिप आरवली. सरांनी फोन ठेवला.

निकाल स्पष्ट होता. वरची ओळ गोपाळची, म्हणजे अख्खा कोंबडा त्याचा. गोपाळने हात पुढे केला आणि दारात काकू उभ्या राहिल्या.

"माजा कोंबडा हितं कसा?"

मी दोन्ही ओळी, अर्धा, पाव, ऑड चिप, सगळं नीट समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुज्या गोव्यात टेबलावर कोंबडा घेतात काय रे?"

"नाय, काकू."

"मग हितं कशाला घेतलास?"

अठरा वर्षांत एकाही साहेबाने मला इतकं अचूक पकडलं नव्हतं. काकू कोंबडा काखेत मारून आत गेल्या. त्यावर अपील नाही.

जावई आला, पोटभर जेवला. तात्यांच्या आणि माझ्या ताटात नुसता रस्सा पडला. टेस्ट मी पास झालो. पण आता पॉट कसा वाटायचा हे मी नंतर बघतो. आधी विचारतो, यातलं घरी विचारून कोणी काय आणलंय?