खिशातला फ्यूज

अदलाबदल मामांना शेगडीच्या दुरुस्तीला बोलावलं की ते आधी स्वयंपाक करायला लावत. पिशवी दाराशी ठेवून विचारत, "रोज शेगडीपाशी कोण ऱ्हातं?" फोन कोणी केला, घर कोणाच्या नावावर आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. जी बाई त्या शेगडीवर रांधते तिच्याशीच ते बोलत. बाकीच्यांनी मध्ये तोंड घातलं तर ऐकून घेत आणि सोडून देत. मी कॉलेजात शिकवते, मध्ये तोंड घालायची मला सवय आहे. पहिल्या भेटीत आमचं काही जमलं नाही.

मामा करमाडचे. शेती भावाकडे सोपवून ते शेंद्र्याच्या एका कारखान्यात कॅन्टीनच्या विजेच्या शेगड्या सांभाळत आणि निवृत्त झाल्यावर घरोघर जाऊन दुरुस्तीची कामं करत. आमच्या पुंडलिकनगरात घराघरांत गॅस, त्यामुळे विजेची शेगडी उघडणारा माणूस शोधूनही सापडत नाही. आमच्याकडे ती होती, कारण आईला गॅसची धास्ती. शेजारी एकदा नळी पेटलेली तिनं पाहिली आणि त्यानंतर गॅसला हात लावला नाही. बाबांनी मग दोन कॉइलची शेगडी आणली, तिच्यासाठी वेगळी वायर ओढून वेगळा फ्यूजही बसवून घेतला.

बाबा गेले त्या वर्षी दूध करपायला लागलं. मग भात, मग डाळ. दर वेळी आई म्हणे, "मी बारीक केलं होतं गं." मी जाऊन बघे तर बटण खरंच बारीकवर असे. मला वाटे, माझी चाहूल लागल्यावर फिरवलं असणार. दुकानातला एक माणूस येऊन गेला. त्यानं थंड शेगडी चालू केली, बंद केली आणि 'काही झालेलं नाही' म्हणून निघून गेला. मी पुण्याला दादाला फोन लावला. बाबा गेल्यापासून आईचं लक्ष राहत नाही, तिला आता स्वयंपाकातून मोकळं करायचं आणि डबा लावायचा, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. आईला सांगितलं तेव्हा ती ओटा पुसत राहिली. पण दोन दिवसांनी भाजीवालीकडून तिनंच मामांचा नंबर मिळवला.

"अक्का, रोज करता तसं करा," मामा म्हणाले. "मी शेगडीला बघायलो, तुम्हाला नाय."

आईनं वरण टाकलं, भात टाकला. मामा स्टुलावर हात बांधून बसले. अर्ध्या तासानं मी विचारलं, की नुसतं बसून काय कळणार?

"ताई, थंड शेगडीला खोड नसती. तिला तापू द्या."

आणखी थोड्या वेळानं आईनं डावीकडचं बटण बारीक केलं आणि भांडं उतरवलं. कॉइल लालच राहिली. मामांनी स्वतः फिरवून पाहिलं, मध्यम केलं, पुन्हा बारीक केलं. कॉइल आपली लालभडक. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तिच्याकडे पाहिलं नाही.

मग मामांनी फ्यूज काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. भिंतीवरच्या खटक्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "खटका कुनीबी दाबतं. खिशातला फ्यूज कुनाला लावता येत नाय," असं ते प्रत्येक घरी सांगत. शेगडी निवल्यावर त्यांनी ती उलटी केली. बटणामागे एक डबी असते, ती वीज सोडत-तोडत आच कमी ठेवते. मामा तिला कंट्रोल म्हणत. डावीकडचा कंट्रोल त्यांनी उजवीकडे लावला, उजवीकडचा डावीकडे, फ्यूज बसवला आणि आईला पुन्हा दोन्हीकडे पाणी तापवायला सांगितलं. बऱ्याच वेळानं दोन्ही बटणं बारीक केली, तर आता उजवीकडची कॉइल लाल राहिली.

"खोड कंट्रोलसंगं गेली, म्हंजी कंट्रोलचीच. जागेवर ऱ्हायली असती तर वायर नायतर कॉइल बघावी लागली असती."

ही त्यांची अदलाबदल, आणि नावही त्यावरूनच पडलेलं. फ्यूज पुन्हा खिशात टाकून त्यांनी नवा कंट्रोल बसवला. खराब डबी फोडून त्यांनी आतल्या काळ्या पडलेल्या पट्ट्या मला दाखवल्या. तापल्या की चिकटायच्या, निवल्या की सुटायच्या. दुकानातल्या माणसाला काही सापडलं नाही ते म्हणूनच.

"काहून म्हातारीवर नाव घातलं, ताई?" त्यांनी हळूच विचारलं. "आधी एकडाव अदलाबदल करून बघावी."

मला भयंकर लाज वाटली. आईची माफी मात्र मी तेव्हा मागितली नाही, नंतरही नाही. आईनं मामांना जेवायला बसवलं आणि तेच वरण वाढलं. जेवणाच्या गडबडीत मामा आमचा फ्यूज खिशात घेऊनच करमाडला गेले. नवीन कंट्रोल बसवलेली शेगडी दिवसभर थंड. दिवेलागणीला मोटरसायकल दाराशी आली. "वरन लई चांगलं झालं होतं अक्का, सगळं इसरलो," म्हणत त्यांनी फ्यूज लावून दिला. डब्याचा विषय मग घरात कोणी काढला नाही.

पुढे चार-पाच वर्षं कधी प्लग जळाला, कधी कॉइल तुटली, की मामा येत, स्टुलावर बसत, आई स्वयंपाक करी.

गेल्या साली दूध पुन्हा करपायला लागलं. एकदा रिकामं पातेलं लाल होईपर्यंत शेगडीवर राहिलं. मी मामांना फोन केला तेव्हा अक्षरशः प्रार्थना करत होते, की कंट्रोल बिघडलेला असू दे.

मामा दुपारभर बसले. शेगडी तापू दिली, डावीकडचा कंट्रोल उजवीकडे लावला, परत होता तिथे आणला. कॉइल सांगितलं तसं वागत होती. आई मात्र दूध ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि ते उतू गेल्यावरही वळली नाही. बटण मोठ्यावरच होतं.

"शेगडी चांगली हाय, ताई."

"तरी नवा कंट्रोल टाका ना मामा."

"टाकता येईल. पन मग तुम्ही महिनाभर शेगडीकडंच बघत बसाल."

तेवढ्यात आई म्हणाली, "भाऊ, कधी आलात? चहा टाकते." त्या दुपारचा तो तिसरा चहा. "टाका की अक्का," म्हणत मामा पुन्हा बसले. चहा त्यांनी सावकाश संपवला. निघताना शेगडीचा फ्यूज काढला आणि या वेळी तो खिशात न टाकता माझ्या हातात ठेवला.

"ह्यो तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. तुम्ही संगं उभ्या असाल तवाच लावायचा. पन अक्काच्या हातचा सैपाक तेवढा बंद करू नका."

ती त्यांची शेवटची खेप. हिवाळ्यात मामा गेल्याचं त्यांच्या भावानं फोनवर कळवलं. मी करमाडला जाऊन आले.

दुपारी आई आणि तिच्या सोबतीला ठेवलेल्या बाई, सकाळी मी निघण्याआधी आईनं माझ्यासमोर रांधलेलंच जेवतात. फ्यूज माझ्या पर्समध्ये असतो. संध्याकाळी कॉलेजातून आले की मी तो लावते आणि ओट्याशी उभी राहते. आई वरण टाकते, भात टाकते. कधी विसरते, कधी विसरत नाही. मग वळून म्हणते, "बारीक केलं गं." मी आधी शेगडीकडे बघते आणि मग म्हणते, "हो आई, केलंयस." केलं नसेल तर तसंच म्हणते आणि बटण मी फिरवते.