सावित्रीची पायपीट

वटपौर्णिमेच्या सकाळी मी धाकट्या बहिणीसोबत आयसीयूबाहेर बसले होते. आत तिचा नवरा होता आणि दोन दिवस कोणी धड काही सांगत नव्हतं.

"वडाला सूत तरी गुंडाळून ये गं," तिच्या सासूबाई म्हणाल्या.

"आई, सावित्री कुठं वडाखाली बसून राहिली? यम परत जा म्हणाला, तरी ती त्याच्यामागे गेलीच ना?" बहीण म्हणाली.

मला ते पटलं. पूजेत आपण झाड धरून ठेवतो आणि तिची पायपीट विसरतो. समोरचा पाठ फिरवून निघाला तरी त्याच्याशी बोलत राहायचं, श्रद्धा म्हणतात ती हीच असावी.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. "संध्याकाळी भेटा," म्हणत निघालेसुद्धा. बहीण उठली आणि विचारत विचारत त्यांच्या मागे गेली. जिन्यापाशी ते थांबले.

"बसा, सांगतो."

"उभ्यानंच ऐकते," ती म्हणाली.